रोज एक ओळ मोडी : शिकणारा उद्या परत यावा यासाठी अ‍ॅप कसं आखावं?

दौतलेखणी

नमस्कार मंडळी,

गेले सहा महिने मी आणि माझे दोन मित्र एका मोबाईल अ‍ॅपच्या आराखड्यावर काम करतो आहोत. मोडी, म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहिले जात ती लिपी, रोज थोडी थोडी शिकवणारं अ‍ॅप. माझी नोकरी याच क्षेत्रातली आहे. लोक अ‍ॅप वापरताना कुठे अडतात ते पाहायचं, त्यांच्याशी बोलायचं आणि त्यावरून स्क्रीन आखायच्या. हे काम मात्र नोकरीबाहेरचं, हौसेचं. इथे मोडी शिकवणारे आहेत, वाचणारे आहेत, शिकून सोडून दिलेलेही आहेत. म्हणून आतापर्यंत जे हाती लागलं ते मांडतो, आणि जिथे अडलोय तेही सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी दहा दिवसांचा मोडी वर्ग केला. शेवटच्या दिवशी बाराखडी न बघता लिहीत होतो. दोन महिन्यांनी घरातलं पणजोबांच्या वेळचं खरेदीखत उघडलं, तर पहिल्या ओळीतली चार अक्षरं लागली आणि पाचवं लागेना. वही कपाटात गेली. मला वाटायचं, हा माझाच आळस. लोकांशी बोलायला लागल्यावर कळलं की बहुतेकांची वही याच जागी बंद झाली आहे.

अकरा जणांशी बोललो. प्रत्येकाशी तासभर, शक्यतो त्यांच्या घरी. त्यात जमिनीची कामं बघणारे एक वकील होते, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, इतिहासात एम.ए. करणारी दोन मुलं होती. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचणारे कमी पडू लागले, तेव्हा घाईघाईने शिकलेला एक तरुणही होता. ‘अ‍ॅपमध्ये काय काय हवं?’ हा प्रश्न मी कुणालाही विचारला नाही. त्यावर माणसं भरभरून बोलतात, पण मागितलेलं पुढे वापरतातच असं नाही. मी विचारायचो, ‘शेवटचा मोडी कागद हातात घेतला तो दिवस सांगा. कुठे बसला होतात, कागद कसला होता, कुठे थांबलात?’

उत्तरं ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. अक्षरओळख चालू असताना कुणीच सोडलं नव्हतं. सगळे सुटले ते पहिल्या खऱ्या कागदावर. मोडी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली, होता होईतो हात न उचलता, लिहीत जातात. शब्द संपला हे दाखवायला मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. काना लागला की कितीतरी अक्षरांचं रूप बदलतं. वर्गात फळ्यावर एकेक अक्षर सुटं काढून दाखवतात. कागदावर मात्र ते शेजारच्या अक्षरात मिसळलेलं असतं, आणि प्रत्येक लेखकाचं वळण निराळं. म्हणजे आपण शिकतो एक आणि गाठ पडते दुसऱ्याशीच.

दुसरी गोष्ट त्या बँकवाल्या काकांनी सांगितली. ती मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली आहे : ‘दोन दिवस वही उघडली नाही की तिसऱ्या दिवशी तिच्याकडे बघायचा धीर होत नाही.’ हे ऐकल्यापासून आराखड्यातली एकेक स्क्रीन मी या वाक्यावर घासून बघतो.

आता वाचलेलं थोडं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग केले, निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेगाने विसरतात ते मोजलं. ते १८८५ साली प्रसिद्ध झालं. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत घसरण भराभर होते, मग वेग मंदावतो. म्हणजे माझ्या दहा दिवसांच्या वर्गाचं जे झालं ते होणारच होतं. यावरचा उपाय म्हणजे अंतरा-अंतराने उजळणी. १९७० च्या दशकात सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने त्यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, तिथे उजळणी उशिरा. चुकलेलं परत पहिल्या कप्प्यात. पुढे पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाकने १९८७ मध्ये हाच हिशेब संगणकावर बसवला. २००६ मध्ये आलेलं ‘अंकी’ हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅपही त्याच वाटेने गेलं.

दुसरा धडा रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगाचा. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्याने पाहिलं तर ज्यांनी न बघता आठवायचा प्रयत्न केला होता तेच पुढे होते. म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये अक्षर आणि त्याखाली लगेच त्याचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, रूप असं कुठेही नाही. आधी बघा, मनात लावा, मग उत्तर उघडा.

सध्याचा आराखडा असा. रोज सकाळी एक ओळ, खऱ्या पत्रातली, छायाचित्रातून कापलेली. ती लावायचा प्रयत्न करायचा. अडलेल्या अक्षरावर बोट ठेवलं की फक्त तेवढं अक्षर उलगडतं. शेवटी पूर्ण लिप्यंतर. अडलेली अक्षरं त्या माणसाच्या पेटीत जातात आणि पुढच्या ओळी निवडताना ती येतील असं बघितलं जातं. उद्याची ओळ त्याच पत्रातली पुढची. एका पत्राला आठ-दहा दिवस लागतात. पत्रात पुढे काय लिहिलंय याची ओढ माणसाला परत आणेल, असा माझा भरवसा आहे.

अडलोय तीन ठिकाणी. पहिले पंधरा दिवस काय द्यावं? अक्षरं अजिबात माहीत नसलेल्याला थेट ओळ दिली तर तो घाबरेल. साखळी, म्हणजे सलग किती दिवस आलात हा आकडा, दाखवावा की नाही? आणि आठवण कशी करून द्यावी?

---

कृष्णाकाठ

अतिशय आवडीचा विषय. मी बावीस वर्षं मोडी शिकवतो आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

अक्षरांपासून सुरुवात करू नका, मायन्यापासून करा. जुन्या पत्रांचा आरंभ आणि शेवट ठरलेला असतो. ‘राजश्री’, ‘गोसावी यांसी’, ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य’, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. हे शब्द शेकडो पत्रांत त्याच जागी येतात. शिकणाऱ्याला आधी ठाऊक असतं की इथे ‘राजश्री’ असणार, म्हणून तो त्या आकृतीतून र, ज, श्री ओळखायला लागतो. ओळखीच्या शब्दातून अक्षर सापडतं. माझ्या वर्गात ज्यांना मी या वाटेने नेलं त्यांचा धीर टिकला.

दुसरं, तारखा. इथे फार जण अडतात. ‘छ’ लिहून पुढे आकडा आणि मुसलमानी महिना असतो, म्हणजे त्या महिन्याचा तितकावा चंद्र. वर्ष शुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या दप्तरी कालगणनेत, आणि तेही अरबी शब्दांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ असं दिसलं की मांडायचं : सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, म्हणजे इसवी सन १७७२-७३. थोरले माधवराव गेले ते वर्ष. हे साल मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून मृगसालही म्हणतात, आणि म्हणूनच मिळवायचा आकडा महिन्यावर ठरतो. एकदा हे कोडं सुटलं की विद्यार्थी स्वतःहून दुसऱ्या पत्राची तारीख सोडवायला बसतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये आठवड्यातला एक दिवस नुसत्या तारखेचा ठेवा.

आणि कृपा करून ओळ एकटी देऊ नका. पत्र कोणाचं, कोणाला, कोणत्या प्रसंगी, हे दोन वाक्यांत आधी सांगा. संदर्भ ठाऊक नसेल तर आम्हालाही ओळ लागत नाही.

---

मधुमालती

वय ६८. मीही वही कपाटात ठेवणाऱ्यांपैकी. बँकवाल्या काकांचं वाक्य वाचून वाटलं, हे माझंच कुणी लिहिलंय.

एक विनंती. ओळ मोबाईलच्या रुंदीत बसवायला बारीक करू नका. फोन आडवा धरायला लावा, किंवा ओळ बोटाने सरकवता येऊ द्या. मला अक्षर मोठं दिसलं तरच त्याचं वळण कळतं. आणि मला वाचण्याइतकंच लिहायलाही आवडतं. हाताने गिरवलेलं अक्षर डोळ्याला लवकर ओळखू येतं असा माझा अनुभव आहे. स्क्रीनवर बोटाने गिरवण्यात ते समाधान मिळत नाही. अ‍ॅपनेच सांगावं, ‘आता कागद घ्या आणि ही ओळ एकदा उतरवा’. बोरू नसेल तर साधं पेन चालेल.

---

कोडवाला

तांत्रिक बाजूचं थोडं.

मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतसंचाच्या, ७.० आवृत्तीत आली. तिचे संकेतांक मूळ पट्ट्याबाहेरचे आहेत, त्यामुळे जुन्या फोनवर फाँट नसेल तर नुसते चौकोन दिसतील. फाँट अ‍ॅपबरोबरच द्या. गूगलच्या ‘नोतो’ फाँटमालिकेतला मोडी फाँट मोफत आहे. पण तुम्ही म्हणता ते खरं, फाँटमधलं अक्षर एकसारखं असतं, कागदावरचं नसतं. फाँट फक्त शोध आणि अक्षरतक्त्यासाठी ठेवा. शिकवणं चित्रांतूनच करा. चित्रं काळी-पांढरी करून साठवलीत तर एक ओळ अगदी थोड्या जागेत मावेल. पुढच्या पंधरा दिवसांच्या ओळी एकदम उतरवून घेता येतील आणि रेंज नसलेल्या गावातही अ‍ॅप चालेल.

बाळबोध लिप्यंतरासाठी फाँट निवडताना मराठी ल आणि श तपासून घ्या. बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाची रूपं आधी येतात. ‘ऱ्या’ नीट उमटतो का तेही बघा. आणि दोन ओळींतलं अंतर इंग्रजी मजकुरापेक्षा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात.

आठवणीबद्दल : अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन पाठवायची असेल तर वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते. बहुतेक अ‍ॅप उघडल्या उघडल्या विचारतात आणि लोक ‘नको’ दाबतात. एकदा नको म्हटल्यावर तो दरवाजा जवळपास बंदच होतो. पहिली ओळ वाचून झाल्यावर विचारा, ‘उद्या या पत्रातली पुढची ओळ पाठवू का?’

---

दौतलेखणी

कृष्णाकाठ सर, मायन्याची कल्पना डोक्यात लख्ख बसली. पहिले पंधरा दिवस काय द्यावं हा प्रश्न तुम्ही सोडवलात. आजच मित्रांशी बोललो. पहिला आठवडा वेगवेगळ्या पत्रांचे फक्त मायने, दुसऱ्या आठवड्यात शेवट आणि एक तारीख, मग मधला मजकूर. संदर्भाची दोन वाक्यं प्रत्येक पत्राला.

मधुमालतीताई, आडवा फोन आणि कागदावर उतरवणं, दोन्ही घेतो.

कोडवाला, तुमच्यामुळे आणखी एक सुचलं. नोटिफिकेशनमध्येच ओळीचं चित्र दाखवता येतं. म्हणजे ‘आज अभ्यास राहिला’ असं टोचण्याऐवजी ओळच समोर येईल. कुणी अ‍ॅप न उघडता नुसती ती ओळ लावून बघितली, तरी त्या दिवसाचं शिकणं झालं.

---

मेघ_बॉस्टन

साखळीच्या बाजूने बोलते, कारण तिच्यामुळे माझं स्पॅनिश टिकलं. ड्युओलिंगोवर सलग दिवसांचा आकडा वाढत गेला, तशी मी बाळ तापाने फणफणलेलं असतानाही रात्री पावणेबाराला पाच मिनिटं काढायची. तो आकडा नसता तर मी दुसऱ्याच महिन्यात सोडलं असतं. त्यांनी साखळी गोठवायची सोय दिलेली आहे, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी आकडा शाबूत राहतो. तुम्ही साखळीच काढून टाकलीत, तर माझ्यासारखीला धरून ठेवणारं काय असेल?

---

दौतलेखणी

मेघ, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. अकरांपैकी दोघांनी हेच सांगितलं होतं. तरी माझं मन दुसरीकडे का झुकतं ते सांगतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली आणि ती किती आपोआप होऊ लागली ते रोज नोंदवून घेतलं. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं आपण ऐकत आलो आहोत. त्यांच्या हिशेबात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. माझ्या दृष्टीने त्यातला मोलाचा निष्कर्ष वेगळाच आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. शरीर-मनाला एक खाडा सहज पचतो. पण सलग दिवसांचा आकडा एका खाड्याने शून्यावर येतो. म्हणजे जी हानी प्रत्यक्षात झालेलीच नाही ती आपण स्क्रीनवर दाखवतो. आणि मग माणूस बँकवाल्या काकांसारखा वहीकडे बघेनासा होतो.

दुसरी भीती बक्षिसांची. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा बालवाडीतला प्रयोग आहे. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत बघितलं, तर ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढत होती. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र घटली नव्हती. मोडीकडे येणारा माणूस ओढीनेच येतो. त्या ओढीवर मी गुणांचा आणि पदकांचा भार टाकणार नाही. एक पत्र पूर्ण झालं की न सांगता त्या पत्राचं पूर्ण छायाचित्र आणि लिप्यंतर त्याच्या संग्रहात जाईल. ते त्याने स्वतः वाचलेलं असेल.

तुमच्यासाठी असा आकडा सुचतो जो कधीच मागे जात नाही : ‘आजवर वाचलेल्या ओळी’. चार दिवस आला नाहीत तरी ४३ चे ४३ च राहतील, आणि परत आल्यावर ४४. हे तुम्हाला धरून ठेवेल का, हे मनापासून विचारतो आहे.

---

मेघ_बॉस्टन

प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडं कमी धरेल. पण स्पॅनिशच्या वेळी शेवटी शेवटी मी आकडा वाचवण्यासाठी सगळ्यात सोपा धडा उरकायचे, हेही खरं आहे. त्यातून शिकले काहीच नाही. ओळींचा आकडा तसा फसवता येणार नाही, कारण ओळ वाचावीच लागेल. मला आणखी एक हवं : चार दिवसांनी परत आले तर पहिल्या स्क्रीनवर मी कुठे होते ते दोन वाक्यांत सांगा. पत्र कोणाचं, आतापर्यंत काय घडलं. मालिकेच्या सुरुवातीला मागच्या भागातलं दाखवतात तसं.

---

रानवारा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. धागा मोडीचा असला तरी रोजच्या शिकण्याबद्दल मुलांच्या बाजूने दोन गोष्टी.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ २०२४ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो शिकण्याच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे देशाचे आकडे आहेत, पण माझ्या वर्गातही चित्र असंच आहे. मोबाईल हातात आहे, वापरायचा कसा ते येतं, शिकण्यासाठी तो उघडावा असं काहीतरी त्यात हवं. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, सरकारचं ‘दीक्षा’ हे अभ्यासाचं अ‍ॅप आलं. व्हिडिओ चांगले आहेत, आणि मूल ते बघतंही. पण बघून झाल्यावर त्याला काही आठवायला लावणारं समोर येत नाही. तुमच्या आराखड्यातलं ‘आधी लावून बघा, मग उघडा’ मला म्हणूनच पटलं.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. तुमची ‘अडलेल्या अक्षरांची पेटी’ सर्व्हरवर जाणार असेल तर आताच विचार करा. माझ्या नववीच्या मुलांना मोडी दाखवायची फार इच्छा आहे.

---

दौतलेखणी

रानवारा सर, पेटी फोनमध्येच राहील. खातं उघडायला लावणार नाही, नाव-नंबर मागणार नाही. फोन बदलला तर पेटी एका फाईलमध्ये काढून नव्या फोनवर नेता येईल. यात आमची एक गैरसोय आहे. कोण कुठे अडतंय ते आम्हाला आपोआप कळणार नाही, माणसांना भेटूनच विचारावं लागेल. ते आम्ही करू.

---

रुमालदप्तर

पत्रं कुठून आणणार? हा प्रश्न अजून कुणी विचारला नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच जाणार आहे.

गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात सरकारने छापले. त्यात पत्रं बाळबोधीत आहेत. म्हणजे लिप्यंतर तयार आहे, तेही जाणत्या माणसांनी केलेलं. त्या मुद्रित मजकुरावरचा सरकारी हक्क साठ वर्षांनी संपलेला आहे. पण तुम्हाला मूळ मोडी कागदाचं छायाचित्र हवं, आणि ते पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांमध्ये, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, आहे. छायाचित्र वापरायला लेखी परवानगी घ्या, तोंडी होकारावर काही छापू नका. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं आहे, तिथेही विचारा. घरोघरच्या कागदांनी सुरुवात केलीत तर सगळ्यात सोपं, मालकाची संमती पुरेल. मात्र खरेदीखतं घेताना जपा. त्यात गटांच्या आणि हिश्श्यांच्या भानगडी असतात, त्यावरून आजही कोर्टात भांडणं चालू असतात. खाजगी पत्रं, जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या घ्या. लग्नाच्या यादीत तर दुसऱ्या दिवशी काय येणार याची उत्सुकता आपोआप राहते.

आणि लिप्यंतर दोन जणांनी स्वतंत्रपणे करा. चुकीचं लिप्यंतर शिकवलंत तर शेकडो जण तीच चूक पुढे नेतील.

---

तंजावूरकर

तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी दप्तर मोठं आहे. इथल्या आमच्या मराठीत तमिळचे शब्द आहेत, तसे त्या कागदांतही येतात. पुढे कधी तंजावरची पत्रं घेतलीत तर शब्दार्थ सांगायला मी आहे.

---

सह्यकडा

सगळं वाचलं. मनातली शंका विचारतो. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर होणार नाही का? रोज सकाळी एक ओळ टाकायची, लोकांनी लावायची, संध्याकाळी उत्तर. अ‍ॅप बनवायला वर्ष जाईल, पैसे जातील. आमच्या गटात आम्ही असंच संस्कृत सुभाषित करतो, चार वर्षं चालू आहे.

---

दौतलेखणी

सह्यकडा, हा प्रश्न मी स्वतःला दर आठवड्याला विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गोष्टी होत नाहीत. एक, गटात कुणीतरी सकाळी सात वाजता उत्तर टाकतं आणि बाकीच्यांचं लावायचं राहून जातं. दोन, कुणाला कुठलं अक्षर अडतं ते तिथे लक्षात राहत नाही, त्यामुळे तेच अक्षर त्याच माणसाला चार दिवसांनी परत दाखवता येत नाही. एबिंगहाउसपासून जे कळलंय त्याचा सगळा उपयोग या दुसऱ्या गोष्टीत आहे.

पण आधी व्हॉट्सअ‍ॅपवरच करून बघायचं, हे तुमचं पटलं. अ‍ॅपची एकही ओळ न लिहिता तीन आठवड्यांत कळेल की पत्रातल्या पुढच्या मजकुराची ओढ माणसाला खरोखर परत आणते की तो नुसता माझा समज आहे. तसं नसेल तर आराखडा बदलावा लागेल, आणि ते आत्ता कळलेलं बरं. गट करत नाही, प्रत्येकाला वेगळी ओळ पाठवतो. अडलेली अक्षरं आम्ही तिघं वहीत हाताने नोंदवू आणि पुढची ओळ त्यावरून निवडू. पंधरा जण झेपतील.

---

कृष्णाकाठ

लिप्यंतर तपासायला मी येतो. रोज रात्री नऊ ते दहा मोकळा असतो. माझ्याकडे १८६० च्या आसपासची एक लग्नाची यादी आहे, आमच्याच घरातली. वळण स्वच्छ आहे, शिकाऊ माणसाला झेपेल. पहिलं पत्र म्हणून ती घ्या.

---

मधुमालती

पंधरांत माझं नाव धरा. वेळ सकाळी साडेसहा, चहा गॅसवर ठेवल्यावर. चहा उकळेपर्यंत मी ओट्याशी उभीच असते.

---

रुमालदप्तर

दुसरा तपासनीस म्हणून मी. कृष्णाकाठ, आपण एकमेकांचं आधी बघायचं नाही, दोघांनी आपापलं दौतलेखणींना पाठवायचं.

---

मेघ_बॉस्टन

मीही. मात्र माझी सकाळ तुमच्या संध्याकाळी होते.

---

दौतलेखणी

मधुमालतीताईंनी वेळ सांगितली तशीच सगळ्यांनी सांगा. घड्याळातली वेळ नको, रोज हमखास होणारं एखादं काम सांगा : चहा, पूजा, लोकलमध्ये जागा मिळाल्यावर, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून परत येताना. ओळ त्याच्या मागोमाग पोचेल अशी पाठवतो.

आतापर्यंत सात नावं आली आहेत, आणखी आठ हवीत. मोडी अजिबात न येणारे किमान पाच असावेत, नाहीतर मायन्यापासून सुरुवात जमते का ते कळणार नाही. कृष्णाकाठ सरांच्या यादीची छायाचित्रं शनिवारी काढतो. सोमवारी पहिली ओळ.